युरोव्हिजन, केसांच्या तेलाची कंपनी आणि गाझा : हा वाद नेमका काय आहे?

युरोपात दर वर्षी मे महिन्यात गाण्यांची एक मोठी स्पर्धा भरते. तिचं नाव युरोव्हिजन. २०२५ च्या स्पर्धेला १६ कोटी ६० लाख प्रेक्षक होते, असं आयोजकच सांगतात. आपल्याकडे ती फारशी पाहिली जात नाही. पण गेल्या काही वर्षांत गाझाच्या बातम्यांबरोबर युरोव्हिजनचं नाव वारंवार येऊ लागलं आहे आणि त्याबरोबर एक दावाही ऐकू येतो : "ही स्पर्धा इस्रायली कंपनीने विकत घेतली आहे, म्हणून इस्रायलला कोणी हात लावत नाही." यात खरं किती आणि ऐकीव किती, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. संगीत जायज की नाजायज, हा उलेमांचा विषय आहे. त्यात आम्ही शिरत नाही. एका देशाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं झालं का, एवढाच इथला प्रश्न आहे.

स्पर्धा कोणाची?

आधी हे समजून घेतलं पाहिजे की युरोव्हिजनमध्ये देशांची सरकारं भाग घेत नाहीत. भाग घेतात त्या सार्वजनिक प्रसारण संस्था, म्हणजे आपल्या दूरदर्शनसारख्या. अशा संस्थांचा संघ १९५० मध्ये स्थापन झाला. तो युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, थोडक्यात ईबीयू. मुख्यालय जिनिव्हाला. या संघाने १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात सात देशांची पहिली स्पर्धा घेतली. युद्धाने फाटलेला युरोप निदान टीव्हीवर तरी एकत्र दिसावा, ही त्यामागची भावना होती.

इस्रायल तर युरोपात नाही, मग तो यात कसा, असं अनेकजण विचारतात. उत्तर साधं आहे. प्रसारणासाठी जो 'युरोपीय विभाग' ठरवला गेला, त्यात भूमध्य समुद्राच्या काठचे देशही येतात. इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लिबिया या देशांच्या संस्थाही ईबीयूच्या सदस्य आहेत. म्हणजे कागदावर अरब देशांना तोच हक्क आहे. हा हक्क ते वापरत का नाहीत, याची कहाणी मात्र या वादाइतकीच जुनी आहे.

इस्रायल १९७३ मध्ये पहिल्यांदा उतरला आणि आजवर चार वेळा जिंकला : १९७८, १९७९, १९९८ आणि २०१८. १९७८ ची स्पर्धा जॉर्डनचा टीव्ही दाखवत होता. इस्रायलचं गाणं आलं तेव्हा पडद्यावर फुलांचं चित्र लावलं गेलं. पुढे इस्रायल जिंकणार हे दिसू लागताच प्रसारणच बंद केलं आणि बेल्जियम जिंकल्याचं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. बेल्जियम खरं तर दुसरा होता. आज यावर हसू येतं, पण अरब देशांची अडचण त्यातून कळते. स्पर्धा दाखवायची तर सगळी गाणी दाखवा, हा नियम आहे. लेबनॉनने २००५ मध्ये भाग घ्यायची तयारी केली, गायिका आणि गाणंही ठरवलं. पण तिथल्या कायद्यानुसार इस्रायलचा कार्यक्रम दाखवता येत नाही. शेवटी लेबनॉनने माघार घेतली, वर दंड आणि तीन वर्षांची बंदीही सोसली. मोरोक्को फक्त एकदाच आला, १९८० मध्ये, हेग शहरात. त्या वर्षी इस्रायल नव्हता, कारण स्पर्धेची तारीख त्यांच्या स्मृतिदिनाच्या दिवशी आली होती. मोरोक्कोच्या समीरा बिन्सईद यांना एकूण सात गुण मिळाले. त्यानंतर मोरोक्को परतला नाही.

तुर्कस्तानचं प्रकरण वेगळं. १९७५ पासून ते खेळत होते, २००३ मध्ये जिंकले, पुढच्या वर्षी इस्तंबूलमध्ये स्पर्धा भरवली. २०१३ पासून ते बाहेर आहेत. तक्रार इस्रायलविषयी नव्हती. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, स्पेन आणि इटली हे पाच देश जास्त पैसा देतात म्हणून त्यांना थेट अंतिम फेरीत जागा मिळते, आणि मतमोजणीत परीक्षकांचा वाटा वाढवला गेला, यावर तुर्कस्तानचा आक्षेप होता. 'पैसा देणाऱ्याला थेट प्रवेश' हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येतो.

तेलाची कंपनी

आता त्या दाव्याकडे येऊ. मोरोक्कनऑइल नावाची केसांच्या प्रसाधनांची एक कंपनी २०२० पासून युरोव्हिजनची मुख्य प्रायोजक झाली. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली, म्हणून तिचं नाव प्रत्यक्ष झळकलं ते २०२१ पासून. स्पर्धेच्या नावाखाली कंपनीचं नाव, मंचामागे गायकांचे केस करणारी तिचीच माणसं, जाहिरातींत तिच्या बाटल्या. आयपीएलच्या नावाला जशी कंपनी जोडलेली असते, तसाच हा मामला.

नाव वाचून वाटतं की कंपनी मोरोक्कोची असेल. ती तशी नाही. तिचं मुख्य कार्यालय न्यूयॉर्कमध्ये आहे आणि माल इस्रायलमध्ये बनतो. ज्या तेलावर तिचं नाव उभं आहे ते अर्गनचं तेल मात्र खरोखर मोरोक्कोची ओळख आहे. नैऋत्य मोरोक्कोत अर्गनची काटेरी झाडं आहेत. तिथल्या अमाझिग, म्हणजे बर्बर समाजाच्या बायका पिढ्यान् पिढ्या दगडाने बिया फोडून, जात्यावर दळून हे तेल काढतात. युनेस्कोने २०१४ मध्ये या कौशल्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. काम मेहनतीचं आहे, आणि नाव मात्र दुसऱ्याच्या बाटलीवर. आम्हाला यातली ही गोष्ट सर्वात जास्त खटकते, पण तिच्यावर चर्चा सर्वात कमी होते.

मग कंपनीने स्पर्धा विकत घेतली का? नाही. स्पर्धा ईबीयूची आहे. तिचा खर्च भाग घेणाऱ्या संस्थांची वर्गणी, यजमान देशाची प्रसारण संस्था, यजमान शहर, तिकिटं आणि प्रायोजक यांच्याकडून निघतो. प्रायोजक एकटी हीच कंपनी नाही. टिकटॉकही २०२२ पासून भागीदार झाला. इस्रायल १९७३ पासून स्पर्धेत आहे, तेव्हा या कंपनीचा जन्मही झाला नव्हता. प्रायोजकाच्या सांगण्यावरून इस्रायलला ठेवलं, असं सिद्ध करणारं काहीही आजवर पुढे आलेलं नाही. पॅलेस्टाईनच्या बाजूने बोलताना आपण सिद्ध न झालेली गोष्ट छातीठोकपणे सांगितली, तर समोरचा तेवढीच पकडतो आणि बाकी सगळं खरं असूनही उडवून लावतो.

पण म्हणून प्रायोजकाचा प्रश्न निकाली निघत नाही. बहिष्काराचं आवाहन करणाऱ्या पॅलेस्टिनी संघटनांचं म्हणणं असं की, अशा रंगीत सोहळ्याच्या आडून एका देशाची प्रतिमा धुतली जाते. ज्या स्पर्धेत एका देशाच्या सहभागावरच वाद आहे, तिथे त्याच देशात माल बनवणाऱ्या कंपनीचं नाव मंचावर वर्षानुवर्षे ठेवायचं आणि वर आमचं राजकारणाशी काही देणंघेणं नाही म्हणायचं, हे कुणाला पटेल? लोकांच्या दबावाने प्रायोजक बदलतात, हे आपण घरी पाहिलेलं आहे. गलवानच्या चकमकीनंतर २०२० मध्ये आयपीएलचा मुख्य प्रायोजक असलेली चिनी कंपनी विवो त्या हंगामापुरती बाजूला झाली आणि २२२ कोटींत ड्रीम इलेव्हन आली. क्रिकेट तेव्हाही 'बिगर-राजकीय'च होतं!

रशियाला एक नियम

खरा मुद्दा इथे आहे. युरोव्हिजन ही राजकारणापासून दूर असलेली स्पर्धा आहे, असं तिचे नियम सांगतात. हा नियम आजवर कसा वापरला गेला ते पाहू.

२००९ मध्ये मॉस्कोत स्पर्धा होती. जॉर्जियाच्या गाण्यात पुतिन यांच्या नावावर श्लेष होता. गाणं बदला म्हटलं, जॉर्जियाने माघार घेतली. २०२१ मध्ये बेलारूसची गाणी राजकीय ठरवून त्याला बाहेर काढलं. दुसरीकडे २०१६ मध्ये युक्रेनच्या जमाला यांनी '१९४४' हे गाणं गायलं आणि त्या जिंकल्या. १९४४ हे साल क्रायमियाच्या तातार मुसलमानांना स्टालिनने मालगाड्यांत भरून मध्य आशियात हद्दपार केलं त्याचं. जमाला यांच्या पणजीचं कुटुंबही त्यात होतं. रशियाने आक्षेप घेतला. ईबीयू म्हणाली, हा इतिहास आहे, राजकारण नाही. आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. त्याआधी १९९३ मध्ये, वेढ्यात अडकलेल्या साराजेव्होतून बोस्नियाचे गायक गोळीबाराच्या धोक्यात विमानतळाची धावपट्टी ओलांडून निघाले आणि आयर्लंडला पोहोचले. मतांसाठी साराजेव्होचा खरखरता फोन लागला तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पीडितांची वेदना या मंचावर ऐकली गेलेली आहे, म्हणूनच आजचं मौन जास्त बोचतं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ईबीयूने आधी सांगितलं की रशिया भाग घेऊ शकतो. काही देशांच्या संस्थांनी आवाज उठवला आणि दुसऱ्याच दिवशी, २५ तारखेला, निर्णय फिरला. रशियाला घेतलं तर स्पर्धेची बदनामी होईल, हे कारण दिलं गेलं. एका दिवसात!

आता दुसरं पान. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. निष्पापांचा जीव घेणं कोणाच्याही हातून झालं तरी ते चूकच. त्यानंतर गाझात जे सुरू झालं त्यात मृतांचा आकडा गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार २०२५ संपेपर्यंत ७० हजारांच्या वर गेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलला अंतरिम आदेश दिले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्याविरुद्ध २०२३ मध्ये आणि नेतान्याहू यांच्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये अटक वॉरंट काढलं. युरोव्हिजनमध्ये इस्रायल मात्र २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी होता.

फरक का, असं विचारल्यावर ईबीयूचं उत्तर असं : ही देशांची नाही, प्रसारण संस्थांची स्पर्धा आहे. रशियाच्या संस्था सरकारच्या मुठीत होत्या, सदस्यत्वाच्या अटी मोडत होत्या. इस्रायलची 'कान' ही संस्था स्वतंत्र आहे. या उत्तरात थोडं तथ्य आहे. कानवर इस्रायलचं सरकारही खूश नसतं, हे खरं. पण तारखा पाहिल्या की उत्तर लंगडं पडतं. रशियाला स्पर्धेतून काढलं फेब्रुवारीत, आणि रशियन संस्थांचं सदस्यत्व निलंबित झालं मे महिन्यात. म्हणजे आधी निकाल, मग कलम. फेब्रुवारीत दिलेलं कारण 'बदनामी'चं होतं. ती कसोटी गाझाच्या बाबतीत का लागू झाली नाही, हे कोणी सांगत नाही.

माल्मो आणि बाझल

२०२४ ची स्पर्धा स्वीडनच्या माल्मो शहरात झाली. तिथे अरब आणि पॅलेस्टिनी वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. इस्रायलचं मूळ गाणं ७ ऑक्टोबरवरच होतं. ते राजकीय ठरवून नाकारलं, मग शब्द आणि नाव बदलून घेतलं. तेव्हा ईबीयूने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही. रस्त्यावर हजारोंचे मोर्चे निघाले. ग्रेटा थुनबर्गही त्यात होत्या. वडिलांकडून पॅलेस्टिनी असलेले स्वीडिश गायक एरिक सादे मनगटाला केफिया बांधून मंचावर आले, त्यावर ईबीयूने जाहीर नाराजी दाखवली. आयर्लंडच्या बॅम्बी थग यांनी प्राचीन आयरिश लिपीत अंगावर 'युद्धविराम' लिहिलं होतं, ते पुसायला लावलं. सभागृहात पॅलेस्टाईनचा ध्वज आणायला बंदी होती. 'संगीताने जोडलेले' हे स्पर्धेचं कायमचं घोषवाक्य त्याच वर्षीपासून झालं, हाही योगच. याआधी २०१९ मध्ये तेल अवीवच्या स्पर्धेत आइसलंडच्या कलाकारांनी पॅलेस्टाईनच्या पट्ट्या दाखवल्या, तेव्हा त्यांच्या संस्थेला पाच हजार युरो दंड झाला होता.

२०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये ऑस्ट्रिया ४३६ गुणांनी जिंकला आणि इस्रायल ३५७ गुणांसह दुसरा आला. यातले २९७ गुण प्रेक्षकांच्या मतांचे होते, सर्व देशांत सर्वाधिक. परीक्षकांचे फक्त ६०. म्हणजे युरोपची जनता इस्रायलबरोबर आहे, असं अनेकांनी लिहिलं. आम्हाला हे इतकं सरळ वाटत नाही. तेव्हा एका माणसाला वीस मतं देता येत होती, प्रत्येक मताला पैसे लागत. विरोधासाठी मत देण्याची सोयच नाही. नाराज प्रेक्षकांची मतं पंचवीस गाण्यांत विभागली जातात आणि समर्थकांची एका जागी पडतात. वॉर्डाच्या निवडणुकीत मतविभागणी काय करते हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. त्यात इस्रायलच्या सरकारी जाहिरात विभागाने मतांचं आवाहन करणाऱ्या जाहिराती इंटरनेटवर पैसे देऊन चालवल्या. हा शोध कोणा विरोधकाचा नाही, ईबीयूच्याच बातम्या पडताळणाऱ्या विभागाचा आहे. गायिका युवाल राफाएल यांचा इथे दोष काढण्याचं कारण नाही. त्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यातून वाचलेल्या आहेत. प्रश्न सरकारी पैशाचा आहे.

त्याच स्पर्धेत स्पेनच्या निवेदकांनी उपांत्य फेरीत गाझातील बळींचा उल्लेख केला. ईबीयूने दंडाची ताकीद दिली. अंतिम फेरीच्या आधी स्पेनच्या सरकारी टीव्हीने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश लावला : मानवी हक्कांचा प्रश्न असताना गप्प बसणं हा पर्याय नाही, पॅलेस्टाईनसाठी शांतता आणि न्याय हवा, अशा अर्थाचा. नंतर मतमोजणीची तपासणीही मागितली.

पाच देश बाहेर

नोव्हेंबर २०२५ मध्ये ईबीयूने नियम बदलले. वीसऐवजी दहा मतं, उपांत्य फेरीत पुन्हा परीक्षक, सरकारी प्रचाराला आळा. म्हणजे तक्रारीत दम होता, हे न बोलता मान्य झालं. ४ डिसेंबरला जिनिव्हात सदस्यांची सभा झाली. बहुमताने ठरलं की हे बदल पुरेसे आहेत, इस्रायलच्या सहभागावर वेगळं मतदान नको. त्याच दिवशी स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया या देशांच्या संस्थांनी २०२६ च्या व्हिएन्नातील स्पर्धेतून माघार जाहीर केली. काही दिवसांत आइसलंडही बाहेर पडला. नेदरलँड्स १९५६ च्या पहिल्या सातांपैकी. आयर्लंड सात वेळा जिंकलेला. स्पेन तर जास्त वर्गणी देणाऱ्या पाचांपैकी एक, १९६१ पासून एकही वर्ष न चुकवलेला.

पैशाची गोष्ट करायची तर ती इथे करावी. इस्रायलला काढलं तर जर्मनीनेही बाहेर पडावं, अशी भूमिका चान्सलर फ्रीडरिश मेर्झ यांनी घेतली होती. ऑस्ट्रिया यजमान, तोही इस्रायलच्या बाजूने. एका पारड्यात स्पेन, दुसऱ्यात जर्मनी. वजन कुठे जास्त पडलं ते निकालावरून दिसतं. तेलाच्या बाटलीपेक्षा हे हिशेब मोठे आहेत, असं आमचं मत आहे.

बहिष्काराने काय होतं, असं विचारणाऱ्यांना भारताचीच एक आठवण द्यावीशी वाटते. १९७४ मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती. भारत सरकारने खेळायला नकार दिला आणि कप दक्षिण आफ्रिकेला गेला. अमृतराज बंधूंच्या हातून मोठी संधी निसटली. खेळात राजकारण नको, असं तेव्हाही म्हणणारे होते.

कलाकारांपैकीही काहींनी किंमत मोजली आहे. २०२५ च्या आधी सत्तरहून अधिक माजी स्पर्धकांनी इस्रायलला वगळण्याची मागणी करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. त्यात २०१७ चे विजेते, पोर्तुगालचे साल्वादोर सोब्राल होते. २०२४ मध्ये माल्मोत जिंकलेले स्वित्झर्लंडचे नेमो यांनी डिसेंबर २०२५ मध्ये आपली ट्रॉफी ईबीयूला परत पाठवण्याचं जाहीर केलं.

भारतातूनही या स्पर्धेत मत देता येतं, हे अनेकांना ठाऊक नसेल. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या सर्व देशांच्या प्रेक्षकांना पैसे भरून इंटरनेटवरून मत देण्याची सोय आहे. सगळ्यांची मिळून ती एका देशाइतकी धरली जातात. ज्यांना हा पैसा तिकडे जाऊ द्यायचा नाही त्यांनी तो देऊ नये, आणि अर्गनचं तेल घ्यायचंच असेल तर बाटली कुठे बनली ते मागच्या बाजूला वाचून घ्यावं.

स्पेन, आयर्लंड आणि स्लोव्हेनिया यांनी २०२६ ची स्पर्धा आपल्या टीव्हीवर दाखवायचीही नाही असं ठरवलं. यजमान ऑस्ट्रियाच्या ओआरएफ या संस्थेने मात्र जाहीर केलं की प्रेक्षकांना सभागृहात पॅलेस्टाईनचा ध्वज आणता येईल, आणि इस्रायलच्या गाण्याच्या वेळी कोणी हुर्यो उडवली तर तो आवाज प्रसारणात दाबला जाणार नाही.